स्पोर्टी सेडानसाठी ब्रेक पॅड निवडताना

वेगवान सेडानला शर्यतीचे पॅड बसवले की गाडी लवकर थांबेल, हा समज धोकादायक आहे. कारण असे पॅड चांगले तापल्यावरच नीट पकड घेतात आणि सकाळी थंड गाडी बाहेर काढताना पहिल्याच ब्रेकला कमी पडू शकतात. रोजच्या वापरासाठी सिरॅमिक पॅड शांत असतात आणि चाकांवर काळी धूळ कमी सोडतात, तर घाटरस्त्यावर वारंवार जोरात ब्रेक लावावे लागत असतील तर सेमी-मेटॅलिक (धातूमिश्रित) पॅड उष्णता अधिक सोसतात, मात्र थोडा आवाज आणि डिस्कची जास्त झीज स्वीकारावी लागते.

अनेक पॅडच्या कडेवर दोन इंग्रजी अक्षरे छापलेली असतात, ती अवश्य पाहावीत: पहिले कमी तापमानातील आणि दुसरे तापलेल्या स्थितीतील घर्षण दाखवते. ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५ आणि ‘जी’ म्हणजे ०.४५ ते ०.५५ इतका घर्षण गुणांक; हा आकडा जितका मोठा, तितकी पकड जास्त. दुसरे अक्षर ‘ई’, म्हणजे ‘एफ’च्या खालची श्रेणी असेल, तर तापल्यावर पकड कमी असते, म्हणून जोरदार चालवल्या जाणाऱ्या गाडीसाठी मी तो पॅड घेणार नाही.

पॅड नेहमी एकाच अ‍ॅक्सलच्या, म्हणजे पुढच्या किंवा मागच्या जोडीच्या, दोन्ही चाकांना एकत्र बदलावेत.