पुरस्काराचा अर्ज भरण्याआधी एक वणवा लावून बघा

यंदाचा सोडून आतापर्यंत मी संस्थेसाठी पुरस्कारांचे आणि अनुदानांचे मिळून अकरा अर्ज भरले. दोन लागले. म्हणजे सल्ला द्यायला मी फार लायक आहे असं नाही, पण नऊ वेळा कुठे आपटले ते चांगलं लक्षात आहे, आणि ते सांगण्यासारखं आहे.

आमची संस्था रत्नागिरी जिल्ह्यातली, चार माणसांची. मी कनिष्ठ महाविद्यालयात सत्तावीस वर्षं फिजिक्स शिकवलं. निवृत्त झाल्यावर आसपासच्या शाळांत जाऊन मुलांना गणनात्मक विज्ञान शिकवायला लागले. या शब्दापाशीच पहिला अर्ज पडला. तपासणाऱ्या साहेबांचा फोन आला, ‘‘म्हणजे एमएससीआयटीसारखं काहीतरी ना?’’ त्यांची चूक नव्हती. मी पानभर लिहिलं होतं, पण आम्ही नेमकं काय करतो ते कुठेच नव्हतं.

तर सुरुवात इथून करा. समोरच्याला संगणक वापरायला शिकवणं वेगळं आणि संगणकावर हिशेब मांडून निसर्ग समजून घेणं वेगळं, हे पहिल्या तीन ओळींत आलं पाहिजे. मी हवामानाचं उदाहरण देते. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत ‘प्रत्यूष’ आणि आता ‘अर्क’ हे महासंगणक आहेत. ते ढगाकडे बघत नाहीत, हवेची आणि पाण्याच्या वाफेची समीकरणं सोडवतात. त्यातून उद्याच्या पावसाचा अंदाज निघतो. आमची मुलं तेच करतात, फक्त चिंचोके आणि फासे घेऊन. एवढं लिहिल्यापासून एमएससीआयटीचा फोन आलेला नाही.

दुसरा अर्ज याहून वाईट पडला. ‘लाभार्थी विद्यार्थी’ या रकान्यात मी 3,200 लिहिले होते. आमचे खजिनदार पतपेढीतून निवृत्त झालेले. अर्ज गेल्यावर सवयीने हजेरीपत्रकं घेऊन बसले आणि संध्याकाळी मला म्हणाले, ‘‘बाई, ही मुलं तीच तीच आहेत.’’ एक मूल चार कार्यशाळांना आलं की मी चार मुलं धरली होती. वेगळी मुलं मोजली तर 870. खोटं बोलायचा हेतू नव्हता, पण कागदावर ते खोटंच होतं. आम्ही स्वतःहून दुरुस्तीचं पत्र पाठवलं. पुरस्कार अर्थातच गेला.

त्यानंतर मी दुसऱ्या संस्था स्वतःची कामगिरी कशी सांगतात ते बघायला लागले. सर्वांत उपयोगी पडली ती अमेरिकेतली शोडॉर. नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅम शहरातली ही ना-नफा संस्था. रॉबर्ट पॅनॉफ या भौतिकशास्त्रज्ञाने 1994 मध्ये सुरू केली, काम तेच, गणनात्मक विज्ञानाचं शिक्षण. पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने त्यांच्या पदवी शिक्षणातल्या कामाची दखल घेतली. वॉफर्ड कॉलेजने पॅनॉफना मानद डॉक्टरेट दिली. यादी पुढेही आहे. पण मला त्या यादीपेक्षा एक साधी गोष्ट भावली: त्यांनी केलेलं काम उघडून बघता येतं. ‘इंटरॅक्टिव्हेट’ नावाचा त्यांचा शैक्षणिक साधनांचा संग्रह आहे. त्यात जंगलातल्या आगीची एक प्रतिकृती आहे. झाडांची जाळी, एक झाड पेटवायचं, आग शेजारी जाण्याची शक्यता आपण ठरवायची. इथे बसून मी ती चालवली. तुमच्या कामगिरीतली एक तरी गोष्ट तपासणाऱ्याला त्याच्या टेबलावर चालवता आली, तर ती दहा प्रमाणपत्रांना भारी.

जुनी ही साधनं जावा अ‍ॅप्लेटवर, म्हणजे वेबपानात चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमवर, चालायची. 2015 ते 2017 च्या सुमारास ब्राउझरांनी जावा चालवणं बंद केलं आणि जगभरची असली कितीतरी शैक्षणिक पानं एका रात्रीत मेली. ज्यांनी नव्याने लिहिली ती जगली. तेव्हा अर्जात दुवा देणार असाल तर आदल्या दिवशी तो दुसऱ्याच्या मोबाइलवर उघडून बघा. आमचा 2019 चा व्हिडिओ कुणीतरी ‘खाजगी’ करून ठेवला होता आणि तो आम्ही तीन अर्जांत दिला होता.

शोडॉरचाच आणखी एक उद्योग आहे, गणनात्मक विज्ञानाच्या साधनांचं संदर्भकेंद्र. तिथे एखादी प्रतिकृती घ्यायची की नाही हे तीन बाजूंनी तपासतात. माझ्या मराठीत सांगायचं तर: गणित बरोबर सोडवलंय का? बरोबरचं गणित सोडवलंय का? आणि हे या वर्गात चालेल का? पहिल्या दोन वाक्यांत शब्दांची नुसती अदलाबदल वाटते, पण फरक मोठा आहे. फाशांचा हिशेब बिनचूक असेल आणि तरी त्यात वारा नसेल, तर उत्तर बिनचूक आणि निरुपयोगी. माझं 3,200 पहिल्याच प्रश्नाला नापास झालं. पण 870 सुद्धा दुसऱ्या प्रश्नाला नापास होतं, हे कळायला मला आणखी वर्ष लागलं. 870 मुलं खोलीत बसली होती. शिकली किती?

म्हणून माझी पद्धत अशी: अर्जाला हात लावण्याआधी एका वर्गात एक प्रयोग पूर्ण करायचा, सगळ्या नोंदी ठेवून, आणि अर्ज त्या एका वर्गाभोवती लिहायचा. आमचा प्रयोग वणव्याचा. आमच्याकडे फाल्गुनात काजू-आंब्याच्या बागा वणव्यात जातात, त्यामुळे मुलांना समजावून सांगावं लागत नाही.

साहित्य फुकटात जमतं. फोडलेले चिंचोके शंभर, कार्डशीटवर दहा बाय दहाचे चौकोन, एक फासा, थोडे लाल मणी. चिंचोक्याची पांढरी बाजू वर म्हणजे उभं झाड. मधल्या एका झाडावर लाल मणी ठेवायचा, ते पेटलं. पेटलेल्या झाडाने चारी बाजूंच्या उभ्या शेजाऱ्यांसाठी एकेकदा फासा टाकायचा. पहिल्या खेपेला 1 किंवा 2 पडला तरच शेजारी पेटतो. पाळी संपली की मणी उचलायचा, चिंचोका उलटा करायचा, काळी बाजू वर. आग विझली की काळे मोजायचे.

गेल्या वर्षी आठवीच्या पाच गटांचे आकडे आले ते असे: 4, 9, 6, 17, 11. मग नियम बदलला, 1 ते 4 पडला तर पेटेल. 95, 97, 93, 100 आणि पाचव्या गटाचं एकच झाड जळलं. चारी फासे 5 किंवा 6 पडले, पहिल्याच फेरीत वणवा विझला. तो गट हिरमुसला. त्यांना वाटलं आपलं चुकलं. खरं तर त्यांनीच सगळ्यांत मोठी गोष्ट दाखवली होती: एकदा करून काही कळत नाही, हजार वेळा करावं लागतं आणि त्यासाठी संगणक लागतो. हा मुद्दा मी भाषणात वर्षानुवर्षं सांगत होते, त्या पोरांनी एका मिनिटात पटवला.

शेवटी मधला नियम, 1 ते 3. 3, 61, 22, 78, 40. वर्गात गोंधळ. कुणाचाच आकडा कुणाशी जुळेना. ही ती काठावरची जागा. जाळं अमर्याद मोठं धरलं तर आग विझणारी आणि न विझणारी यांच्यातला उंबरठा बरोबर निम्म्या शक्यतेवर, म्हणजे फाशाच्या सहापैकी तीन आकड्यांवर असतो, हे हॅरी केस्टेन या गणितज्ञाने 1980 मध्ये सिद्ध केलं. मुलांना मी हे शेवटी सांगितलं. आधी सांगितलं असतं तर त्यांनी आकडे जुळवले असते. मुलं हुशार असतात.

मग लॅपटॉपवर तोच नियम पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहून हजार वेळा चालवला. पायथन नवीन असलेल्या शिक्षकांनी मुंबई आयआयटीचे स्पोकन ट्युटोरियल बघावेत, मराठीतूनही आहेत.

एवढं होईपर्यंत मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, ‘‘बाई, हा वणवा खोटा आहे.’’ का? ‘‘आमच्या कलमांत आग खालनं वर धावते. वरनं खाली येताना रेंगाळते. ह्यात चारी बाजूंना सारखीच जाते.’’

दुसरा प्रश्न. बरोबरचं गणित सोडवलंय का? मी तो तिला शिकवला नव्हता. आम्ही कार्डशीटची वरची कड म्हणजे डोंगरमाथा धरला. वरच्या शेजाऱ्याला 1 ते 4, खालच्याला फक्त 1, बाजूंना 1 ते 2. मग एका मुलाने चिंचोक्यांची एक आख्खी ओळ उचलली, जाळरेषा म्हणून. आग तिथे थांबलीच. त्यावर तीच मुलगी, ‘‘आजोबा सांगतात ठिणगी उडून पलीकडे पडते.’’ ते मांडायचं कसं यावर घंटा झाली.

आता अर्ज. त्याच वर्गाबद्दल पूर्वी मी असं लिहिलं असतं: ‘‘संस्थेने अभिनव उपक्रमांद्वारे ग्रामीण विद्यार्थ्यांमध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन रुजवून त्यांचा सर्वांगीण विकास साधला आहे.’’ हे वाक्य वृक्षारोपणालाही चालतं आणि योगवर्गालाही. गेल्या वर्षी लिहिलं ते असं: ‘‘आठवीच्या 38 मुलांनी फाशांच्या मदतीने वणव्याची प्रतिकृती केली. प्रतिकृती खऱ्या वणव्याशी कुठे जुळत नाही, हे 14 मुलांनी स्वतः लेखी मांडलं. सहा मुलांनी नियम बदलून ती सुधारली. सोबत त्यांच्या वह्यांची पानं.’’ 38 पैकी 14 हा आकडा लहान आहे म्हणून आमच्या अध्यक्षबाई तो घालायला तयार नव्हत्या. दोन दिवस वाद झाला. मी घातला. तपासणारे आले तेव्हा त्यांनी फक्त त्या 14 वह्या मागितल्या.

पण हे 14 कळले कसे? नोंद ठेवली म्हणून. त्यासाठी एक युक्ती मी ‘द कार्पेंट्रीज’कडून उचलली. संशोधकांना प्रोग्रॅमिंग शिकवणारी ही स्वयंसेवकांची संस्था. 1998 मध्ये सुरू झालेली सॉफ्टवेअर कार्पेंट्री आणि नंतरची डेटा कार्पेंट्री 2018 मध्ये एकत्र होऊन ती झाली. त्यांच्या कार्यशाळेत प्रत्येकाला दोन रंगांच्या चिकटचिठ्ठ्या देतात. अडलं की लाल लावायची, झालं की हिरवी. हात वर करायला लाजणारं मूलही चिठ्ठी लावतं. वर्ग सुटताना त्याच चिठ्ठ्यांवर एकेक ओळ लिहून घेतात, काय जमलं आणि काय डोक्यावरून गेलं. आमच्याकडे चिकटचिठ्ठ्या महाग पडतात, आम्ही पतंगाचा कागद कापतो. त्या चिठ्ठ्या तारीख घालून पाकिटात ठेवा. वर्षाअखेर तेच तुमचं भांडार. एका वर्षी ‘फासा का टाकायचा ते कळलं नाही’ अशा अकरा चिठ्ठ्या निघाल्या. ते मी अर्जात लिहिलं, आणि पुढच्या वर्षी आम्ही काय बदललं तेही. लागलेल्या दोनांपैकी एक अर्ज तो.

हजेरीपत्रकात नावापुढे शाळेचा जनरल रजिस्टर नंबर लिहा, म्हणजे तेच मूल दोनदा मोजलं जात नाही. खजिनदारांची सूचना, फुकटची आणि खात्रीची. आणि वर्षाने निदान वीस मुलांना पुन्हा भेटा किंवा फोन करा. काय आठवतं विचारा. निराश व्हायची तयारी ठेवा. आमच्या वीसपैकी सोळांना चिंचोके आठवले, उंबरठा पाचांना. पाच लिहा.

मिळालेले सन्मान लिहिताना कुणी दिला, कशासाठी आणि निवड कशी झाली एवढं लिहा. अर्ज करून, परीक्षण होऊन मिळालेला आणि पैसे भरून मिळालेला पुरस्कार यांतला फरक तपासणाऱ्यांना दुरून कळतो. होय, पैसे भरून मिळणारेही असतात. आम्हालाही पत्र आलं होतं, दिल्लीत सोहळा, ‘नोंदणी शुल्क’ पंधरा हजार. अध्यक्षबाईंनी त्या पाकिटावर दुधाचा हिशेब लिहिला. ‘महाराष्ट्रात प्रथमच’ तर लिहूच नका. कुणीतरी आधी केलेलं असतंच, आणि तेच गृहस्थ परीक्षक म्हणून बसलेले असतात.

कागदपत्रांचं थोडक्यात: धर्मादाय आयुक्तांकडचं नोंदणी प्रमाणपत्र, तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद, आयकर खात्याची 12ए आणि 80जी प्रमाणपत्रं, सरकारच्या संस्था-नोंदणी पोर्टलवरचा दर्पण क्रमांक, पॅन. 80जीची मुदत बघून घ्या, आमची एकदा संपलेली निघाली. फोटो चारच द्या, आणि त्यात पाहुण्यांच्या हातात नारळ नको, मुलांच्या हातात फासा असावा. मुलांचे चेहरे ओळखू येत असतील तर पालकांची लेखी परवानगी घ्या.

पूर्ण झालेला अर्ज आपल्या कामाशी संबंध नसलेल्या कुणाला तरी वाचायला द्या. मी शेजारच्या काजू कारखान्यातल्या सुपरवायझरताईंना देते. त्यांनी गेल्या खेपेला ‘गणनात्मक प्रतिमानीकरण’ या शब्दाखाली पेन्सिलने लिहिलं, ‘हे काय?’ मी खोडून ‘फाशांचा वणवा’ केलं.

आणि शेवटच्या तारखेची वाट बघू नका. यंदा पोर्टल शेवटच्या दिवशी दुपारी चारलाच झोपलं. आम्ही मंगळवारीच भरून पोचपावतीचा स्क्रीनशॉट काढून ठेवला होता. निकाल अजून यायचाय.