मध्ययुगीन नृत्यधुना वाजवताय? या चुका टाळा

‘लामेंतो दी त्रिस्तानो’ ही चौदाव्या शतकातली इटालियन धून मी व्हायोलिनवर बसवली, तेव्हा ती कुठेच टेकेना. सूर बरोबर, लय बरोबर, तरी बोलता बोलता कुणी अर्ध्यातच उठून जावं तसं वाटायचं. ही चूक फार जण करतात, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

या धुना तुकड्यातुकड्यांनी बांधलेल्या असतात. प्रत्येक तुकडा दोनदा वाजवायचा. पहिल्या वेळी शेवट ‘उघडा’ ठेवायचा, म्हणजे मुख्य स्वरावर न येता थांबायचं. दुसऱ्या वेळी ‘मिटलेला’ शेवट घेऊन मुख्य स्वरावर येऊन बसायचं. हे दोन्ही शेवट बहुधा सगळ्या तुकड्यांना सामाईक असतात. बंदिशीत आपण मुखड्यावर परत येतो तसं कान त्यांची वाट बघतो. मी मात्र उघडा शेवट झाला की थेट पुढच्या तुकड्यात उडी मारत होतो. मग धून टेकणार कशी? आता तुकडा दोनदा, दोन्ही शेवटांसकट पाठ झाल्याशिवाय पुढचा उघडतच नाही.

दुसरी चूक तालाची. सगळ्याच धुनांखाली ढोल बडवणं ही आजच्या ध्वनिमुद्रणांनी लावलेली सवय आहे. 1300 च्या सुमारास पॅरिसमध्ये संगीतावर लिहिणारा योहानेस दे ग्रोकेओ दोन प्रकार वेगळे सांगतो. ‘दुक्तिआ’ ठोक्यांनी मोजलेली, नाचणाऱ्यांची पावलं सांभाळणारी. ‘स्तांतिपेस’ म्हणजे एस्टांपी गुंतागुंतीची, तिच्यात तसे नेमके ठोके नाहीत. वाजवणाऱ्याचं नि ऐकणाऱ्याचं मन तिच्यात अडकून राहतं. म्हणून एस्टांपी जड, रेंगाळलेली वाटली तर आधी ताल काढून बघा. माझ्या मते निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. नाचासाठीच वाजवायचं असेल तर मात्र ताल हवाच. मध्ययुगात एकच माणूस एका हाताने बासरी आणि दुसऱ्याने छोटा ढोल वाजवून अख्खा नाच उभा करायचा. कमरेला जोडीने बांधायच्या छोट्या नगाऱ्यांना इंग्रजीत ‘नेकर्स’ म्हणत. तो शब्द अरबी ‘नक्कारा’वरून आला, आणि आपला नगाराही तिथूनच.

वाद्यं निवडताना फ्रेंचमधले ‘ओ’ आणि ‘बा’ हे शब्द घोटाळा करतात. त्यांचा शब्दशः अर्थ उंच आणि खालचा, म्हणून लोक ते पट्टीशी जोडतात. खरं तर ते आवाजाच्या ताकदीबद्दल आहेत. सनईच्या जातीचं शॉम ‘ओ’, मोकळ्या हवेतलं. गजाने वाजवायचं व्हिएल, तारा छेडून वाजवायचं ल्यूट आणि हार्प ‘बा’, बैठकीतली. एका खोलीत शॉमशेजारी ल्यूट ठेवलं तर ल्यूट ऐकूच येत नाही, मग ते वाजवणारा बिचारा तारा ओरबाडत बसतो.

लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतल्या ज्या हस्तलिखितात ‘लामेंतो’ आहे, त्यात अशा 15 धुना आहेत, सगळ्या एकेरी सुरावटीच्या. आधारस्वर किंवा दुसरं वाद्य जोडलंत तर तो तुमचा निर्णय, आणि कार्यक्रमात तसं सांगावं. ‘लामेंतो’नंतर तिथेच ‘ला रोत्ता’ लिहिलेली आहे: तीच सुरावट, पण चपळ चालीत. अनेक जण ती गाळतात. संथ धून पक्की झाली की न थांबता रोत्तात शिरा. पहिल्या दोन-चार स्वरांतच ओळख पटते.