पायथनचा लँग्वेज सर्व्हर निवडण्याआधी

लँग्वेज सर्व्हर म्हणजे कोड लिहिताना एडिटरला चुका आणि सूचना पुरवणारा प्रोग्राम. पायथनसाठी पायराइट घ्यावा की पायथन-एलएसपी-सर्व्हर, हा प्रश्न वैशिष्ट्यांच्या याद्या वाचून सुटत नाही. कोल्हापुरात उद्यमनगरातील कारखान्यांसाठी मालसाठ्याचे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी तरी तो स्वतःच्या जुन्या कोडवरच सोडवावा.

१. रोजच्या कामाचा प्रकल्प उघडावा आणि एका वेळी एकच सर्व्हर चालू ठेवावा. दोन्ही चालू असल्यास कोणती सूचना कोणाची, हे कळत नाही.

२. ज्या फंक्शनमध्ये वजनाचा प्रकार ‘फ्लोट’ (दशांश संख्या) असा लिहिलेला आहे, त्याला मुद्दाम ‘१२ किलो’ हा मजकूर द्यावा. पायराइट ही चूक लगेच दाखवतो. दुसरा सर्व्हर मायपाय या प्रकार तपासणाऱ्या साधनाचे प्लगइन जोडल्याशिवाय ती दाखवत नाही. माझ्या मते निवड ठरवणारी चाचणी हीच आहे.

३. प्रकल्प उघडून थोडा वेळ गेल्यावर एचटॉपमध्ये (चालू प्रोग्रामची यादी दाखवणाऱ्या साधनात) सर्व्हरने वापरलेली मेमरी पाहावी. पायराइट नोड या जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रामवर चालत असल्याने त्याची नोंद ‘node’ या नावाखाली सापडते. कमी रॅमच्या लॅपटॉपवर हा आकडा महत्त्वाचा ठरतो.

मात्र दोन्ही सर्व्हरना प्रकल्पाचे एकच व्हर्च्युअल एन्व्हायरनमेंट (प्रकल्पाच्या लायब्ररी ठेवण्याची स्वतंत्र जागा) दाखवलेले असावे, अन्यथा लायब्ररी न सापडल्याच्या सूचनांचा ढीग साचून तुलनाच फसते.