खोलीवर राहून शिकताय? तांबडी भाजी शिजवा

गोव्यात शिकायला आलेली मुलं महिनाअखेरीस पाव-भाजी आणि नूडल्सवर दिवस काढतात, ते बघून जीव तुटतो. ताजी भाजी त्याहून महाग नाही, फक्त ती कुठे घ्यायची ते माहीत हवं.

कांदे, बटाटे, टोमॅटो गोवा सरकारच्या फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यावरूनच घ्या. सरकारी अनुदानामुळे तिथला भाव बाजारापेक्षा कमी असतो. सकाळी लवकर जा, दुपारपर्यंत चांगला माल संपतो.

पालेभाजी मात्र गावठीच घ्यावी. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गावातल्या बायका तांबड्या भाजीच्या, म्हणजे लाल माठाच्या, जुड्या घेऊन बसतात. पानं टवटवीत आणि देठ नखाने चटकन तुटणारा, अशी जुडी निवडा. आधी दोन-तीन पाण्यांतून धुवा, मगच चिरा. माती मुळांशी फार असते. कोवळे देठ टाकू नका, तेही बारीक चिरून घाला. थोड्या तेलात कांदा, हिरवी मिरची परता, भाजी घाला, पाणी अजिबात नको, तिचं तिला सुटतं. दहा मिनिटांत होते. वरून मूठभर ओलं खोबरं, आणि ताटात लिंबाची फोड जरूर घ्या, कारण पालेभाजीतलं लोह अंगी लागायला लिंबातलं क जीवनसत्त्व मदत करतं.

फ्रीज नसेल तर पालेभाजी त्याच दिवशी संपवा. बाकीच्या दिवसांसाठी मूग किंवा अळसांदे (चवळीसारखं गोव्यातलं कडधान्य) रात्री भिजत घाला.

पावसाळ्यात टायकिळा (टाकळा ही रानभाजी) मिळाला तर सोडू नका, कोवळी पानंच घ्या.