'अश्व'चं मूळ शोधताना या चुका टाळा

संस्कृत 'अश्व', लॅटिन 'एक्वुस', ग्रीक 'हिप्पोस', प्राचीन इराणी भाषा अवेस्तीत 'अस्प'. अर्थ एकच, घोडा, मूळही एकच. तो आद्य-इंडो-युरोपीय, म्हणजे या सगळ्या भाषांच्या आईचा, शब्द देवनागरीत ढोबळमानाने *एक्वोस असा लिहिता येईल. आधीची तारका गाळू नका. हा शब्द कुठल्या शिलालेखात किंवा पोथीत सापडलेला नाही, लेकींच्या तोंडावळ्यावरून आई ताडली आहे, हेच ती तारका सांगते.

सगळ्यात हट्टी चूक म्हणजे संस्कृतलाच ती आई समजणं. जाणकारही त्यात फसले आहेत. जर्मन भाषाशास्त्रज्ञ आउगुस्ट श्लायशर यांनी 1868 मध्ये या पुनर्रचित भाषेत मेंढी आणि घोड्यांची छोटी गोष्ट लिहिली. शीर्षक होतं 'अविस अक्वासस क'. जिकडेतिकडे संस्कृतसारखा 'अ'! पुढच्या दशकात त्यातला शेवटचा 'क'च अंगाशी आला. 'आणि' या अर्थी संस्कृतात 'च' आहे, लॅटिनमध्ये 'क्वे'. क-चा च व्हायला पुढे 'ए'सारखा तालव्य, म्हणजे जीभ टाळूकडे उचलून काढलेला, स्वर लागतो. 'अ' असता तर क तसाच राहिला असता. म्हणजे 'ए' आधी होता, संस्कृतात त्याचा 'अ' झाला, लॅटिनने तो जपला. भाषाशास्त्रज्ञ हेर्मान हिर्ट यांनी सुधारलेली गोष्ट 1939 मध्ये छापून आली, तेव्हा त्यात ए-ओ परतले होते.

नुसत्या दिसण्यावरही जाऊ नका. 'हिप्पोस' 'अश्व'सारखा अजिबात दिसत नाही, पण मायसीनी, म्हणजे ग्रीकच्या सर्वांत जुन्या लेखांच्या, काळातल्या मातीच्या पाट्यांवर तोच शब्द 'इ-क्वो' असा आहे. ग्रीकमधला 'प' मुळातल्या 'क्व'पासून आला, हे तिथे उघड होतं. सुरुवातीच्या 'हि'चं कोडं मात्र अजून नीट सुटलेलं नाही. अशी अडचण आली की ती तशीच नोंदवावी, ओढूनताणून जुळवू नये.

उसना शब्द वारस म्हणून मोजणं ही आणखी एक गफलत. इंग्रजीतला 'इक्वेस्ट्रियन' लॅटिनमधून आलेला. जुन्या इंग्रजीचा स्वतःचा वारसा 'एओह' केव्हाच लोपला, आणि 'हॉर्स' या घराण्यातला नाहीच. आपण तरी काय वेगळे? पालीत 'अस्स' हा घरचा, बोलण्यातून झिजत आलेला शब्द. मराठीतला 'अश्व' संस्कृतातून जसाच्या तसा उचललेला तत्सम. रोजचा 'घोडा' 'घोटक'पासून आला, त्याचा *एक्वोसशी संबंध नाही.

आणि शब्द होता म्हणून घोडा माणसाळलेला होता, असंही ठरत नाही. रानातल्या जनावरालाही नाव असतंच.