नव्या सोबत्याबरोबर कॅम्परव्हॅन घेण्याआधी

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर कॅम्परव्हॅनने, म्हणजे आत झोपायची सोय असलेल्या गाडीने फिरायचंय आणि सोबती हॉस्टेलवर नुकताच भेटलाय? मग लगेच दोन आठवड्यांचं बुकिंग करू नका. आधी साध्या भाड्याच्या गाडीने क्राइस्टचर्चहून आकारोआला, म्हणजे सुमारे ८० किलोमीटरवर, एक मुक्काम करून या. घाटातल्या वळणांवर तो गाडी कशी चालवतो, थकल्यावर कसा बोलतो, हे तिथेच कळतं. पटलं, तरच व्हॅन भाड्याने घ्या. दोघंही चालवणार असाल तर करारात दोघांची नावं हवीतच. नाव नसलेल्याच्या हातून अपघात झाला तर विमा सहसा मिळत नाही. डिझेलचा खर्च रोजच्या रोज लिहा. आणि टॉयलेटची टाकी डंप स्टेशनवर, म्हणजे ती ओतायच्या ठरलेल्या जागी कोण रिकामी करणार, हे निघण्याआधीच ठरवा. खरी भांडणं तिथूनच सुरू होतात.