छोट्या रणात घरच्यांना घेऊन पक्षी बघायला जाताय? मग हे वाचून जा

कच्छच्या छोट्या रणात लपायला जागाच नाही हे आधी डोक्यात पक्कं बसवा. चारी बाजूंना सपाट भेगाळलेली जमीन, ना झाड ना दगड, आणि एक-दोन किलोमीटरवर उभ्या असलेल्या रानगाढवाला आपली जिप्सी आपल्याला ते दिसायच्या कितीतरी आधी दिसलेली असते. त्यामुळे इथे काय बघायला मिळणार ते सगळं आपण वागतो कसे यावर ठरतं. आम्ही चारदा जाऊन आलोय, त्यातले दोनदा सासूबाईंना घेऊन, आणि लेक पहिल्यांदा आली तेव्हा पाच वर्षांची होती, त्यातून जे कळलं ते सगळं इथे लिहितेय.

आधी हे रण म्हणजे काय ते थोडक्यात. वाळूच्या टेकड्या, उंट वगैरे डोळ्यासमोर आणू नका, ते जैसलमेरला. हे खाऱ्या चिखलाचं वाळवंट आहे, एकेकाळी इथे उथळ समुद्र होता. पावसाळ्यात बनास, रूपेण या नद्यांचं पाणी एका बाजूने आणि कच्छच्या आखाताचं पाणी दुसऱ्या बाजूने येतं आणि सगळं रण पाण्याखाली जातं, फक्त उंचवटे वर राहतात. त्या उंचवट्यांना तिथले लोक बेटच म्हणतात, आपल्यासारखंच. गवत, झुडपं, वेडी बाभूळ सगळं या बेटांवर, म्हणून प्राणीही बेटांच्या आसपासच. ड्रायव्हरला 'बेटाच्या कडेकडेने घ्या' एवढं सांगितलं तरी निम्मं काम होतं.

जायचं कधी, तर डिसेंबर-जानेवारी. इथलं रानगाढवांचं अभयारण्य जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद असतं, उघडल्यावरही आत ओल असते आणि पाहुणे पक्षी पूर्ण आलेले नसतात. फेब्रुवारीही चालेल, मार्चमध्ये मात्र दुपारी लहान मुलांचे हाल होतात, नका नेऊ. मुंबईहून सौराष्ट्राकडे जाणाऱ्या बऱ्याच गाड्या विरमगामला थांबतात, ते सगळ्यात जवळ पडतं. पुण्याहून आम्ही अहमदाबादपर्यंत रात्रीची ट्रेन आणि तिथून गाडी करतो, दोन-अडीच तास लागतात. राहायचं दसाडा, झैनाबाद, बजाणा किंवा पाटडीच्या बाजूला. परमिट वनखात्याकडून घ्यावं लागतं, बहुतेक ठिकाणी राहायची सोय करणारेच काढून देतात, फक्त सगळ्यांची ओळखपत्रं जवळ ठेवा.

स्वतःची गाडी रणात घालू नका, प्लीज. वरून जमीन खडखडीत वाळलेली दिसते, पापुद्र्यासारखी, आणि खाली वीतभर काळा चिखल असतो. रस्ता नाही, खूण नाही, कुठल्याही दिशेला बघितलं तरी सारखंच. स्थानिक ड्रायव्हर जुन्या चाकोऱ्या धरून चालवतात आणि कुठली बाजू अजून ओली आहे हे त्यांना माहीत असतं. दोन सफारी सलग दोन दिवस घ्या, एक सकाळची आणि एक संध्याकाळची. एका दिवसात तीन-तीन घेणारे लोक बघितलेत मी, मुलं दुसऱ्या फेरीत झोपतात आणि आजीची कंबर जाते.

आता रानगाढव, गुजरातीत घुडखर. नाव ऐकून मुलं हसतात, पण समोर आलं की गप्प होतात कारण ते दिसायला आपल्या गाढवापेक्षा घोड्याच्या जवळचं आहे. पाठ मातकट, पोट पांढरं, आणि मानेवरच्या आखूड गडद आयाळीपासून शेपटीपर्यंत गडद पट्टा. ताशी साठ-सत्तर किमीने पळू शकतं. १९७६ च्या गणतीत फक्त ७२० उरले होते, २०२४ च्या गणतीत ७,६७२ झाले, म्हणजे जपलं तर काय होतं ते इथे डोळ्यांनी दिसतं, मुलांना हे आवर्जून सांगा.

जवळ जायची पद्धत अशी. गाडी कधीही सरळ त्यांच्या दिशेने नाही न्यायची. तिरकं जायचं, जसं काही आपल्याला दुसरीकडेच जायचंय, थोडं पुढे जाऊन थांबायचं, इंजिन बंद, पाच मिनिटं कोणी बोलायचं नाही, मग परत थोडं तिरकं. त्यांचे कान बघत राहा. मान खाली घालून चरतायत आणि कान इकडेतिकडे हलतायत म्हणजे सगळं ठीक. सगळ्यांनी माना वर केल्या आणि सगळे कान तुमच्याकडे वळले की तीच तुमची हद्द, तिथून पुढे एक फूटही नाही. आमच्याकडे कानांवर लक्ष ठेवायचं काम लेकीला दिलेलं असतं, ती ड्रायव्हरकाकांच्या खांद्याला हात लावते आणि गाडी थांबते. मुलांना असं खरं काम दिलं ना की 'कंटाळा आला' हा शब्द येत नाही.

हे इतकं सांगतेय कारण दुसऱ्या ट्रिपला आमच्या ड्रायव्हरने कळप पळताना दाखवतो म्हणून गाडी कळपाच्या मागे घातली, आम्हाला कळायच्या आत. कळप धुळीत निघून गेला आणि एक लहान पिल्लू मागे पडलं, लांब पायांवर धडपडत, आणि त्याची आई पुढे जाऊन परत मागे वळत होती. मी ओरडून गाडी थांबवली पण लेक रडायला लागली ती मुक्कामाला पोचेपर्यंत. तेव्हापासून गाडीत बसायच्या आधीच, हसून पण स्पष्ट सांगते, भाई, पळवायचं नाही, कमी दिसलं तरी चालेल. बहुतेक ड्रायव्हरना हे आवडतंच, पर्यटक मागतात म्हणून ते पळवतात.

पक्ष्यांचं म्हणाल तर बजाण्याच्या बाजूच्या पाण्यावर सकाळी लवकर जा. रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, आपण ठाण्याच्या खाडीत नाहीतर भिगवणला बघितलेले असतात, पण इथे दोन्ही जाती शेजारीशेजारी मिळतात आणि मुलांना फरक शिकवायला याच्यासारखी जागा नाही. चोच बघायला सांगा. मोठ्या रोहितची चोच फिकी गुलाबी आणि फक्त टोक काळं, छोट्या रोहितची जवळजवळ पूर्ण गडद लालकाळी. मग ते खातात कसे ते बघा: डोकं पूर्ण उलटं करून चोच पाण्यात, आणि पाय चिखलात जागच्या जागी कुदवत राहतात. सासूबाई दुर्बिणीतून दहा मिनिटं हेच बघत होत्या आणि म्हणाल्या, अगं हा तर भात लावणीआधी चिखलणी करतोय. त्यांचं माहेर मुळशीकडचं, मला हे सुचलंच नसतं.

करकोचे दोन प्रकारचे. कांड्या करकोचा लहान, डोळ्यामागून पांढरा तुरा आणि छातीवर काळी पिसं लोंबतात, दुसरा साधा करकोचा त्याच्याहून उंच. मध्य आशियाकडून येतात, त्यातले कांड्या तर हिमालयाच्या बाजूने उडत येतात. दिवसा शेतांवर, संध्याकाळी पाण्याकडे. त्यांना शोधायला डोळे नाही कान लागतात, लांबून कुर्र कुर्र आवाज येतो आणि मग आभाळात रांग दिसते.

बेटांच्या गवतात जमिनीवर बसणारं एक घुबड मिळतं, शॉर्ट इअर्ड आऊल, थंडीत येणारं. ड्रायव्हर अगदी बरोबर झुडपापाशी नेतात आणि फोटोसाठी अजून जवळ अजून जवळ चालू होतं. नका करू. दिवसा ते उडालं की वरचे शिकारी पक्षी आणि कावळे त्याच्या मागे लागतात, आपल्या एका फोटोसाठी त्याची सकाळ जाते. गाडीतूनच बघा, उतरू नका. पिवळे डोळे उघडून ते एकदा आपल्याकडे बघतं आणि परत मिटून घेतं, तेवढं मिळालं की पुढे चला. बाकी ससाणे, गरुड, भोवत्या, चंडोल, पखुर्डी, धाविक हे वाटेवर भेटत राहतात. सगळ्यांची नावं ओळखायचा अट्टहास करू नका, विशेषतः चंडोलांच्या बाबतीत, दोन दिवसात दहा पक्षी नीट ओळखले तरी खूप झाले. पक्षी ओळखायला मदत करणाऱ्या मर्लिन अ‍ॅपचा भारताचा पॅक घरूनच डाउनलोड करून न्या, आत रेंज नसते. त्या अ‍ॅपमधले आवाज मात्र तिथे वाजवायचे नाहीत, पक्षी उगाच बिथरतो.

दुर्बीण घ्यायची तर मोठ्यांसाठी ८ बाय ४२ (म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची), आणि मुलांसाठी वेगळी हलकी ८ बाय २५ किंवा ३०. लहान मुलांचे डोळे जवळजवळ असतात, दोन नळ्या पुरेशा जवळ येतात का ते दुकानातच लावून बघा, नाहीतर त्यांना दोन गोल दिसतात आणि ती कंटाळून सोडून देतात. पट्टा गळ्यात असलाच पाहिजे. आणि पहाटे सूर्य उगवताना दुर्बीण त्या दिशेला अजिबात नाही, हे मुलांना निघायच्या आधी दोनदा सांगा, डोळ्याला कायमची इजा होते.

थंडी लोकांना खरी वाटत नाही. पहाटे उघड्या जिप्सीत वारा हाडात जातो, कानटोपी, हातमोजे आणि आजीसाठी गोधडी न्याच, आणि दहा वाजता तेच सगळं काढून टोपी-गॉगल. आजी-आजोबांना पुढच्या सीटवर बसवा, मागे फार आदळतं. बायकांसाठी महत्त्वाचं, आत बाथरूम नाही आणि आडोसाही नाही, त्यामुळे निघायच्या आधी जाऊन या, आणि एक मोठी छत्री आणि जुनी चादर गाडीत ठेवा. पाणी कमी पिऊन भागवू नका, सासूबाईंनी एकदा तसं केलं आणि दिवसभर डोकं दुखत होतं. संध्याकाळनंतर मुक्कामाच्या आवारातही बंद बूट आणि टॉर्च, कारण आपल्या कोकणातलं फुरसं इथेही आहे. खाऊ म्हणून दशम्या, लाडू न्या, वेफर्सची पाकिटं नको, वाऱ्याने एक पाकीट सुटलं की ते कुठल्या कुठे जातं आणि हाती लागत नाही.

वाटेत अगरिया लोकांची मिठाची अगरं लागतात. हिवाळा-उन्हाळा हे लोक बायकामुलांसकट रणातच झोपडी करून राहतात, जमिनीखालचं खारं पाणी पंपाने वर काढून मीठ पिकवतात. विचारून थांबा, विचारून फोटो काढा, पोरांना चॉकलेटं वाटत सुटू नका. आम्हाला एकीने काळा चहा दिला आणि लेकीच्या हातावर मिठाचा बोराएवढा खडा ठेवला, तो अजून आमच्या देव्हाऱ्याशेजारी आहे.

शेवटच्या संध्याकाळी फिरायचं नाही असं ठरवून टाका. पाण्यापासून बरंच लांब गाडी उभी करायला सांगा, चटई टाका, थर्मासमधला चहा काढा आणि पश्चिमेला तोंड करून बसा, सूर्य बुडाला तरी उठू नका. करकोचे त्यानंतर येतात, अंधार पडायच्या जरा आधी, एकामागून एक रांगा. आम्ही बसलो होतो तेव्हा तीन रांगांपर्यंत लेकीने मोजलं, मग मोजायचं सोडून आजीच्या गोधडीत शिरली.